आमचे दीड तास परत द्या : खेळांच्या कन्व्हेन्शनच्या (मेळाव्याच्या) आयोजकांना खुलं पत्र

आयोजक समितीतल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी तुमचा मेल आला तेव्हा मी कॅरेक्टर शीट, म्हणजे खेळातल्या पात्रांच्या माहितीचे कागद, लॅमिनेट करत बसले होते. मेलमध्ये कामाच्या तीनच ओळी होत्या. रोलप्लेइंग गेमचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत मिळून गोष्ट घडवायच्या खेळाचा, स्लॉट (एका खेळाला दिलेला वेळ) ४ तासांवरून अडीच तासांवर. सगळी टेबलं बाजूच्या खोल्यांतून उठून मुख्य हॉलमध्ये. आणि गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट मांडून खेळ चालवणाऱ्याला, मोफत पास हवा असेल तर १२ ऐवजी १६ तास खेळ चालवावा लागेल. शेवटी ‘सहकार्याबद्दल आभार’. सहकार्य मागितलं कधी, हे मेल दोनदा वाचूनही मला सापडलं नाही.

हे उत्तर मी थेट तुम्हाला पाठवू शकले असते. गेल्या वर्षी पाठवलंही होतं, गोल टेबलांबद्दल. त्याची पोच आली, पुढे काही झालं नाही. म्हणून या वेळी उघड लिहिते आहे, म्हणजे पास काढून येणारे भिडूही वाचतील. ज्या टेबलावर ते बसणार आहेत ते कोण मांडतं आणि कसं मांडतं, हे त्यांनाही माहीत असावं.

आधी माझं नातं सांगते. ८ वर्षांपूर्वी मी या कन्व्हेन्शनला पहिल्यांदा आले ती लिंबूटिंबू म्हणून. २० बाजूंचा फासा त्याआधी हातात धरला नव्हता. एका अनोळखी गेम मास्टरने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि मी बसले. पहिला तासभर माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. दुसऱ्या तासात एक दार उघडायचं की नाही यावर सगळे भांडत होते, तेव्हा मी पहिल्यांदा मत दिलं. चौथ्या तासात माझ्या पात्राने पुलावर एकटीने मागे थांबायचं ठरवलं, बाकीचे पाच जण निसटावेत म्हणून. टेबलावर कोणी काही बोलेना. शेजारच्या भिडूने स्वतःचा आवडता फासा उचलून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “हा टाक.” फासा वाईट पडला ही गोष्ट वेगळी.

अडीच तासांच्या हिशेबात मी त्या दारापर्यंतच पोचले असते.

त्यानंतरच्या वर्षापासून मी इथे खेळ चालवते. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं टेबल एका ओळीचं असतं : कथानकाचं नाव, भिडूंची संख्या, वेळ. त्या एका ओळीमागे काय असतं ते थोडं सांगू द्या. कथानक लिहिणं, ते निदान दोन वेगवेगळ्या गटांसोबत घरी चालवून बघणं, कारण पहिल्या गटाला सुटलेलं कोडं दुसऱ्या गटाला हमखास अडवतं, मग कापाकापी. सहा भिडूंसाठी आठ तयार पात्रं, म्हणजे शेवटी येणाऱ्यालाही निवडीला वाव राहतो. प्रत्येक पात्राची शीट अशी, की ज्याने नियम कधी वाचले नाहीत त्यालाही दोन मिनिटांत कळावी. नकाशे, चिठ्ठ्या, माझे कागद भिडूंना दिसू नयेत म्हणून आडपडदा, नकाशा काढून पुसता येणारी मॅट, तिचे पेन, सहा भिडूंना पुरतील एवढे सात-सात फाशांचे संच.

हे सगळं घेऊन रात्रीची गाडी, आणि पहाटे बदलायची दुसरी. मॅट घडी घालून चालत नाही, सुरकुती पडली की तिच्यावर सोंगट्या कलंडतात. म्हणून ती नळीत गुंडाळून खांद्याला. धातूचे फासे एका पिशवीत ठासून भरले की सामान तपासणाऱ्या एक्स-रेच्या पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो आणि पिशवी उघडावी लागते. पहिल्या वर्षी मी तिथेच एका सुरक्षा कर्मचाऱ्याला चार बाजूंचा फासा कसा वाचायचा ते समजावत उभी होते. त्यांना पटलं नाही. आता पारदर्शक डबी नेते.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो आम्ही, आणि आवडीने भाजतो. तेव्हा भाकऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. चूल कुठे मांडायची आणि जाळ किती ठेवायचा हे भाजणाऱ्याला न विचारता ठरतं, आणि तेही पीठ मळून झाल्यावर, याबद्दल आहे.

पहिला मुद्दा वेळेचा, आणि तो मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण ‘थोडं आटोपशीर करा’ असं तुमच्यातल्या एकाने मला फोनवर सांगितलं.

४ तास म्हणजे २४० मिनिटं. त्यातली पहिली १५ मिनिटं लोक टेबल शोधण्यात घालवतात. त्यांचा दोष नाही, हॉलचा नकाशा दरवर्षी बदलतो. ओळखी, पात्रं निवडणं आणि टेबलावर कोणते विषय नकोत हे ठरवणं यात २०. नियमांची तोंडओळख १५. मधली सुट्टी १०. शेवटी गोष्ट मिटवून, शीट गोळा करून, पुढच्या गेम मास्टरसाठी टेबल मोकळं करायला १५. ही झाली ७५ मिनिटं. ती कोणत्याही टेबलाला लागतात, खेळ कितीही लांबीचा असो. २४० मधून ती वजा केली तर खेळायला १६५ मिनिटं उरतात. अडीच तासांच्या स्लॉटमधून वजा केली तर ७५. म्हणजे कागदावर दीड तास कमी झाला, पण टेबलावरचा खेळ निम्म्याहून खाली आला.

आता ७५ मिनिटांत काय मावतं? सहा भिडू, प्रत्येकाच्या पाळीला दोन मिनिटं (नवखा असेल तर चार), आणि माझ्या राक्षसांना तीन. एक फेरी १५ मिनिटांची. साधी झटापटही तीन-चार फेऱ्या चालते. झाला की पाऊण-एक तास! उरलेल्या वेळात रहस्य शोधा, कोणाशी तरी बोला, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवा, पस्तावा, आणि पुलावर थांबा. सुट्टी काढून टाका असंही सुचवण्यात आलं. सलग अडीच तास बोलणाऱ्या माणसाने पाणी कधी प्यायचं आणि सहा भिडूंनी कुठे जायचं, याचंही एखादं वेळापत्रक पाठवा.

कन्व्हेन्शनचा खेळ हा घरच्या लांबलचक मोहिमेतून कापून आणलेला तुकडा नसतो. भिडू अनोळखी, पात्रं तयार, वेळ बांधलेला, आणि तरी सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट उभी राहिली पाहिजे, अशा अटींवर लिहायचा तो वेगळाच प्रकार आहे आणि तो जुना आहे. १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात एक हॉल भाड्याने घेऊन जेन कॉन हे खेळांचं कन्व्हेन्शन पहिल्यांदा भरवलं. पुढच्याच वर्षीच्या जेन कॉनमध्ये त्यांची डेव्ह आर्नेसन यांच्याशी गाठ पडली, आणि १९७४ मध्ये या दोघांच्या नावावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेइंग गेम बाहेर आला. १९७५ मध्ये बाल्टिमोरला ओरिजिन्स हे दुसरं कन्व्हेन्शन पहिल्यांदा भरलं तेव्हा गायगॅक्स यांनी तिथल्या स्पर्धेसाठी एका सापळ्यांनी भरलेल्या थडग्याचं कथानक नेलं होतं. तेच १९७८ मध्ये ‘टूम ऑफ हॉरर्स’ म्हणून छापून विकायला आलं. आमचा हा खेळ कन्व्हेन्शनमधल्या ओळखीतून आणि कन्व्हेन्शनमधल्या टेबलांवरून मोठा झालेला आहे. त्याला आयोजकांनीच पाहुण्यासारखं कोपऱ्यात सरकवावं, हे मला खटकतं.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. स्लॉट लहान केले की त्याच टेबलांवर जास्त भिडू बसतात, आणि वेटिंग लिस्टवर नाव लागून दिवसभर ताटकळणाऱ्यांचे चेहरे तुम्हाला बघावे लागतात, मला नाही. शिवाय दोन तासांत उत्तम होणारे खेळ आहेतच. नवा बोर्डगेम शिकवायला अडीच तास पुष्कळ. काही रोलप्लेइंग गेम तर एका बैठकीत, एका पानाच्या नियमांवर खेळायलाच बनवलेले आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ॲडव्हेंचरर्स लीग या जाहीर खेळांच्या उपक्रमात दोन तासांची कथानकंही असतात आणि चार तासांचीही. पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमच्या तशाच उपक्रमाची, पाथफाइंडर सोसायटीची, साधारण चार ते पाच तासांची. लांबी कथानक ठरवतं, म्हणून तर नोंदणीच्या फॉर्मवर तुम्ही स्वतःच ती विचारली होती. मी ४ लिहिले, तुम्ही मंजूर केले, आणि त्या मंजुरीवर मी गाडीचं आरक्षण केलं. आता डाव मांडल्यावर नियम बदलताय. लहानपणी अशा भिडूला आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. ‘रडीचा डाव’ एवढे दोन शब्द पुरेत.

दुसरा मुद्दा हॉलचा. इथे मला गेल्या वर्षीचा शनिवार सांगायचा आहे. गेल्या वर्षी खोल्या कमी पडल्या म्हणून माझं दुपारचं टेबल हॉलमध्ये लावलं होतं, एका बाजूला विक्रीचे स्टॉल आणि दुसऱ्या बाजूला लाउडस्पीकरचा खांब. भिडूंत एक वयस्क गृहस्थ होते, कानाला श्रवणयंत्र. आदल्या वर्षी ते माझ्याच टेबलावर, बंद खोलीत, चार तास बसले होते आणि त्यांनी एका दरबारी विदूषकाची अशी भूमिका वठवली होती की मी खलनायकाचं भाषण विसरले. या वेळी त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात तीनदा विचारलं, “काय म्हणालात?” मग विचारणं थांबवलं. पुढे माझ्या लक्षात आलं की बाकीचे हसले की ते क्षणभराने हसतात. सुट्टीत त्यांनी शीट नीट माझ्या हातात दिली, “छान चाललंय हं, मी जरा जाऊन येतो” म्हणाले, आणि परत आले नाहीत. मी ओरडून ओरडून घसा बसवला होता आणि तरी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

यात माझ्या किंवा त्यांच्या चिकाटीचा प्रश्न नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. एक टेबल आवाज चढवतं, म्हणून शेजारचं चढवतं, म्हणून पहिलं आणखी. ५० टेबलांच्या हॉलमध्ये दुपारी तीनपर्यंत सगळेच किंचाळत असतात आणि कोणालाच आपण किंचाळतोय असं वाटत नाही. श्रवणयंत्राला तर या कोलाहलातून माझं वाक्य वेगळं काढून देणं फार अवघड जातं.

त्यात तुमची ती मेजवानीची गोल टेबलं, सहा फूट व्यासाची. माझ्या शेजारचा भिडू माझ्यापासून दोन फुटांवर, समोरचा सहा फुटांवर. अंतर तिप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे साडेनऊ डेसिबलने उतरतो. म्हणजे समोरच्याला ऐकू जावं म्हणून मी बोलते तेव्हा शेजारच्याच्या कानाशी खेकसत असते. नकाशा मधोमध, आणि मध्यापर्यंत हात कोणाचाच पोचत नाही. प्रत्येक पाळीला कोणीतरी उठतं, वाकतं, कोपराने कोणाच्या तरी फाशांची रास पाडतं. साधी लांबट, अरुंद टेबलं हवीत, जी तुमच्या विक्रेत्यांना मिळतात. गेल्या वर्षीच्या मेलमध्ये एवढंच होतं.

जागा नाही म्हणता, तर मोठी कन्व्हेन्शन काय करतात ते बघा. इंडियानापोलिसला भरणारं जेन कॉन फक्त कन्व्हेन्शन सेंटरपुरतं नसतं. खेळ आसपासच्या हॉटेलांच्या खोल्यांमध्ये आणि शेजारच्या स्टेडियममध्येही लावले जातात. आपण तेवढे मोठे नाही, हे मला कळतं. पण बाजूच्या ज्या सहा खोल्या आतापर्यंत आमच्याकडे होत्या, त्या यंदा कशासाठी दिल्या आहेत ते कार्यक्रमपत्रिकेतच छापलंय : दोन प्रायोजकांच्या बैठकांना, एक छायाचित्रांसाठी, आणि तीन ‘राखीव’.

तिसरा मुद्दा पासाचा. तो मला खरं तर मांडायचाच नव्हता, पण गणित करून बघितलं आणि राहवलं नाही. आधी १२ तास, म्हणजे ४ तासांचे तीन स्लॉट चालवले की पास मिळायचा. आता १६ तास, आणि स्लॉट अडीच तासांचा. सहा स्लॉट केले तर १५ तास होतात, म्हणजे सात लागतात. तीनच्या जागी सात! सात वेळा मांडामांड, सात वेळा ओळखी, सात वेळा तेच नियम, ४२ भिडू. तीन दिवसांत सात स्लॉट चालवणारा माणूस स्वतः एकाही टेबलावर भिडू म्हणून बसू शकणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या टेबलावर बसणाऱ्यांना काय दर्जाचा खेळ मिळेल, ते त्यांनाच विचारा. हा पास म्हणजे बक्षीस नाही हो, आम्ही स्वतःच्या खर्चाने गाडी आणि खोली करून येतो, दारात अडवू नये एवढीच त्याची किंमत.

रिकाम्या खुर्च्यांचं थोडक्यात. सहा जागा ‘भरलेल्या’ दिसतात, प्रत्यक्षात तीन भिडू येतात, आणि दोरीपलीकडे पाच जण उभे असतात ज्यांना तुमचे स्वयंसेवक आत सोडत नाहीत, कारण यादीत नाव नाही. जेन कॉनमध्ये जेनेरिक तिकीट असतं, जागा रिकामी राहिली की ते देऊन कोणीही बसू शकतं. आपल्याकडे खेळ सुरू झाल्यावर १० मिनिटांनी रिकामी खुर्ची उभ्या असलेल्याला देता येईल, एवढा नियम केला तरी तुमची वेटिंग लिस्ट बरीच उतरेल. स्लॉट कापण्याआधी हे करून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल मेलमध्ये अक्षर नाही. टेबलावर एक्स-कार्ड ठेवायला तुम्ही आम्हाला सांगता, चांगलं करता. जॉन स्टाव्हरोपूलोस यांचं ते साधं कार्ड म्हणजे आपलं मोठ्यांचं टाइमप्लीज : नको असलेला विषय आला की कार्डाला हात लावायचा, गोष्ट तिथून वळते, कारण कोणी विचारत नाही. पण कार्डाला न जुमानणारा भिडू निघाला तर? दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर निघाला. एका मुलीने दोनदा कार्डाला हात लावला आणि तो दोन्ही वेळा हसला. मी खेळ थांबवला, त्याला उठायला सांगितलं, तो उठेना. मदतीच्या काउंटरवर रात्री दहानंतर कोणी नव्हतं. शेवटी शेजारच्या टेबलांवरचे तीन गेम मास्टर आपापले खेळ सोडून येऊन माझ्या मागे नुसते उभे राहिले, तेव्हा तो गेला. त्या तिघांच्या १८ भिडूंचा वेळ त्यात गेला. रात्रीचे स्लॉट ठेवायचे असतील तर रात्री जागं असलेलं कोणीतरी ठेवा.

मागण्या साध्या आहेत. यंदासाठी :

ज्या कथानकांना ४ तासांची मंजुरी दिली आहे ती ४ तासच चालू द्या. पुढच्या वर्षीपासून दोन्ही लांबीचे स्लॉट ठेवा, ज्याने त्याने निवडावं.

सहापैकी निदान तीन खोल्या खेळांना परत द्या, आणि त्यातली एक ऐकण्याची अडचण असलेल्या भिडूंच्या टेबलांसाठी आधी राखा. नोंदणीच्या फॉर्मवर तसा एक रकाना घाला.

पासाची अट १२ तासांवर आणा.

सुरुवातीनंतर १० मिनिटांनी रिकामी जागा खुली करा.

शेवटचा खेळ संपेपर्यंत काउंटरवर एक जबाबदार माणूस आणि त्याचा फोन नंबर प्रत्येक टेबलावर.

पुढच्या वर्षीसाठी एकच : नोंदणी सुरू होण्याआधी नियम जाहीर करा, आणि नियम ठरवताना बैठकीला खेळ चालवणारे दोघे-तिघे बोलवा. प्रवासखर्च नको, आम्हाला यायची सवय आहे. गोल टेबलांचं मी या यादीत घातलेलं नाही, एका वर्षात सगळं मागू नये म्हणून.

हे पत्र मी तीन गेम मास्टरना आधी वाचायला दिलं. एकाने आपली नोंदणी मागे घेतली आहे, दुसरा अडीच तासांत बसेल असं कथानक नव्याने लिहितोय, तिसरीने ‘तू लिहिलंस ते बरं झालं, मी शिव्या घातल्या असत्या’ असं कळवलं. मी यांपैकी काहीच केलेलं नाही. शनिवार सकाळच्या माझ्या टेबलाची कथानकं, शीट, चिठ्ठ्या सगळं ४ तासांच्या मापाचं आहे आणि तसंच नळीत आणि डबीत भरलं जाणार आहे. माझ्या गाडीचं आरक्षण रद्द करायची मुदत येत्या रविवारी रात्री संपते. त्याआधी एका ओळीचं उत्तर आलं तरी चालेल.

आपली,
शनिवार सकाळच्या टेबलाची गेम मास्टर